पाण्यावर राहिलेला तुकडा

खिडकीतून आधी सर्जनची चिठ्ठी आत आली आणि मग ती मुलगी वाकून बघायला लागली. वैजयंता सगरे, वय तेवीस, गाव कवठेमहांकाळजवळचं. उजव्या स्तनातली गाठ. उद्या सकाळी नऊला ऑपरेशन असल्यामुळे स्लाइड आणि रिपोर्टची आणखी एक प्रत पाठवा, असं चिठ्ठीत लिहिलं होतं. मागे तिचा मामा उभा होता. हातातली टोपी तो पुन्हा पुन्हा घडी करत होता.

"काच द्या म्हनले डाक्टर," तो म्हणाला. "लगीच मिळंल का?"

मिळेल म्हटलं. मंगळवार होता, बारा वाजायला आले होते. १९९८ सालची गोष्ट. मिरजेतल्या एका खाजगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी तेव्हा नऊ वर्षं काम करत होते. लॅबमध्ये तिघंच होतो. रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टर उपळेकर मॅडम, माझे वरिष्ठ जमादारकाका आणि मी. मॅडम बारा ते अडीच घरी जेवायला जायच्या आणि काका मागच्या खोलीत रसायनं बदलत असायचे.

मी स्लाइड शोधून काढली, पुसली, नंबर जुळवला. ती मुलगी खिडकीतून माझ्या हाताकडे बघत होती. मग तिनं विचारलं की यात माझं जे काय आहे ते मला बघता येईल का. मी नाही म्हणाले. तसा नियम होता. तिनं सांगितलं की ती बारावी सायन्स आहे, कॉलेजात मायक्रोस्कोपमधून कांद्याची साल बघितली आहे, आता गावात बालवाडी चालवते. "उद्या कापून टाकणार," ती म्हणाली. "कशासाठी कापतात ते एकदा बघते, ताई."

ती रडली असती तर मी तिला बाहेर बसवलं असतं. रडणाऱ्यांची सवय होती. पण ती बाजारात कापड बघायला मागावं तसं मागत होती. मी दार उघडून तिला आत घेतलं आणि मामाला बाकावर बसायला सांगितलं.

स्लाइड मायक्रोस्कोपखाली लावली, उजेड नीट केला आणि तिला स्टुलावर बसवलं. आधी चांगलं दाखवलं. गुलाबी रंगात जांभळे ठिपके दिसतात ना, म्हटलं, तो एकेक ठिपका म्हणजे पेशीचं केंद्रक. चांगल्या पेशी ओळीत बसतात, सगळ्यांची केंद्रकं साधारण एकाच मापाची असतात, आणि त्या विभागतात त्या गरजेपुरत्याच. मग स्लाइड सरकवून वाईट भाग मध्ये आणला. इथं बघ, म्हटलं, केंद्रकं मोठी, काळपट, एकावर एक चढलेली, ओळ मोडलेली. या पेशी थांबायचं विसरल्यात.

ती बराच वेळ बघत राहिली. फोकसचं बटण कसं फिरवायचं ते मी दाखवलं होतं. ते ती मागंपुढं फिरवत होती.

"ताई, हे एकदम का दिसत नाही?" तिनं विचारलं. "हे वाईट नीट केलं की बाजूचं पुसट होतंय. बाजूचं नीट केलं की हे पुसट."

मी तिला बाजूला करून डोळा लावला. बटण अर्धा फेरा फिरवला, परत उलटा फिरवला. ती म्हणत होती ते बरोबर होतं. वाईट तुकडा बाकीच्या तुकड्यांच्या पातळीत नव्हता. तो त्यांच्या वर, एका कडेला दुमडून बसला होता.

"असं असतं कधीकधी," मी म्हणाले.

मग मी तिला सांगितलं की रिपोर्टच्या प्रतीवर मॅडमची सही लागेल, चार वाजता या. ती मामाला घेऊन गेली. जाताना थँक्यू म्हणाली.

आमचं काम कसं चालतं ते सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गाठीतून सुईनं काढलेले तुकडे शेवयांसारखे बारीक असतात. ते मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. ब्लॉक यंत्रावर लावून पात्यानं कापला की कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ अशी मेणाची पट्टी निघते. ती पट्टी कोमट पाण्याच्या भांड्यावर सोडायची, सुरकुत्या गेल्या की खालून काच घालून अलगद उचलायची आणि मग रंगवायची. भांड्यात उरलेले कपटे पुढचा ब्लॉक घेण्याआधी कागदाच्या पट्टीनं पुसून काढायचे. नाहीतर एकाचा कपटा दुसऱ्याच्या काचेवर जाऊन चिकटतो. एक ब्लॉक, एक पुसणं. काकांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं ते हेच.

मी रजिस्टर काढलं. तुकडे मेणात घालण्याआधी ते मोजून लिहितात. वैजयंता सगरे, तुकडे चार. स्लाइडवर पाच होते.

मी दुसरं पान उलटलं. मंदाकिनी खाडे, वय अडतीस, डावा स्तन, तुकडे तीन. तिची स्लाइड काढून उजेडासमोर धरली. दोन होते. तेवढ्यासाठी मायक्रोस्कोपचीही गरज नव्हती.

मंदाकिनी खाडे म्हणजे माझी मंदाताई. आई गेल्यावर तिनं मला वाढवलं, शिकवलं, माझं लग्न मोडल्यावर परत घरी आणलं. भाऊजी एस.टी.त कंडक्टर होते. ताई घरी ब्लाऊज शिवायची आणि अर्धी ब्राह्मणपुरी पेठ तिच्याकडे माप द्यायला यायची. मी त्यांच्याच घरात राहत होते.

आमच्या लॅबमध्ये एक पद्धत होती. घरच्या माणसाचा ब्लॉक घरच्यानं कापायचा नाही. हात थरथरतो, काका म्हणायचे. ताईचा ब्लॉक त्यांनी स्वतःसाठी बाजूला ठेवला होता. पण आदल्या शुक्रवारी ते नमाजला गेले आणि मला दम निघेना. मी निपाणीच्या एका आजींचा ब्लॉक कापून संपवला आणि ताईचा यंत्रावर लावला. पट्टी पाण्यावर सोडली तेव्हा तिची एक कड फाटली. चांगला भाग मी उचलला. तेवढ्यात बाहेर काकांची सायकल आल्यासारखं वाटलं. मी ताईचा ब्लॉक काढून डब्यात टाकला आणि पुढचा लावला. तो वैजयंताचा होता. पाणी पुसलं नाही. सायकल काकांची नव्हतीच.

कोणता ब्लॉक कधी कुणी कापला ते लिहायच्या वहीत मी ताईचा नंबर सकाळच्या, काकांनी कापलेल्या ब्लॉकांमध्ये चढवला. काकांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. शनिवारी मॅडमनी ताईचा रिपोर्ट स्वतः बाहेर येऊन माझ्या हातात दिला. काही नाही, साधी गाठ आहे, म्हणाल्या. मी घरी गेले, ताईनं रिपोर्ट दोनदा वाचायला लावला. रविवारी ती अंबाबाईची ओटी भरून आली आणि शेजारी पेढे वाटले. भाऊजी पहिल्यांदाच माझ्याशी हसून बोलले.

दोन्ही स्लाइड शेजारी शेजारी ठेवून मी डबा उघडला. डबा ताईनं दिला होता, मेथीची भाजी आणि दोन भाकऱ्या. मी सगळा खाल्ला. चव लागली नाही, पण खाल्ला, डबा धुतला आणि पुसून पिशवीत ठेवला. काय वाटत होतं असं कुणी विचारलं तर काही वाटत नव्हतं हेच खरं उत्तर आहे. हाताला मुंग्या आल्यावर तो दुसऱ्याचा वाटतो ना, तसं ते दोन-अडीच तास सगळं अंग दुसऱ्या कुणाचं तरी होतं. वैजयंताचा चेहरा मला आठवत होता. उद्या नऊला तिचा चांगला स्तन काढून टाकतील, काखेतल्या गाठीही खरवडतील, हे मला ठाऊक होतं. आणि मी स्लाइड पाकिटात घालून वर तिचं नाव लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

दोन वाजता काकांनी दुपारचे ब्लॉक काढून दिले. मी कापायला बसले. एक पट्टी सोडली, उचलली, पाणी पुसलं. परत पुसलं. कागद बदलला आणि परत पुसलं. काका दारात उभे होते ते मला दिसलं नव्हतं.

"किती पुसतीस, पोरी?" ते म्हणाले. "काय राहिलंय त्यात?"

"शुक्रवारी राहिलं होतं," मी म्हणाले.

हे मी ठरवून बोलले नाही. आजही मला कुणी धीराची म्हटलं तर मी ते खोडून काढते. त्यांनी विचारलं नसतं तर मी चार वाजता पाकीट खिडकीतून दिलं असतं असंच मला वाटतं. मग मी वैजयंताची स्लाइड त्यांच्या हातात दिली आणि चारचे पाच झालेत एवढं सांगितलं. ताईचं नाव घेतलं नाही. ताईची स्लाइड मी परत तिच्या खणात ठेवून दिली होती.

मॅडम आल्या तेव्हा काकांनीच त्यांना सांगितलं. त्यांनी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही, तशाच मायक्रोस्कोपला बसल्या. बटण फिरवलं. मला वाटलं आता ओरडतील, पण त्या रजिस्टर मागून घेऊन आकडा बघत बसल्या. सही करण्याआधी मी मोजायला हवं होतं, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग काकांना म्हणाल्या की मुलीचा ब्लॉक पुन्हा कापा, खोलवर कापा, आणि लगेच रंगवा. सर्जनला फोन करून त्यांनी उद्याचं ऑपरेशन थांबवायला सांगितलं. त्या किती सावकाश बोलत होत्या ते मला आठवतंय.

तासाभरात नवी स्लाइड तयार झाली. चार तुकडे, चारही एका पातळीत, चारही स्वच्छ. साधी गाठ, तरुण मुलींना होते ती. मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले आणि मला बसायला सांगितलं. मला वाटलं नोकरी गेली. ती गेली असती तर मला काही म्हणायचं नव्हतं.

त्यांनी कापण्याची वही पुढं ओढली आणि शुक्रवारच्या पानावर बोट ठेवलं. वैजयंताच्या वर निपाणीच्या आजींचा नंबर होता. आजींना स्तनाचा कॅन्सर होता, तसा रिपोर्टही गेला होता.

"म्हणजे हा कपटा आजींचा," मॅडम म्हणाल्या. "त्यांचं निदान काही बदलत नाही. झालं ते वाईट झालं, पण निभावलं."

काकांनी मान हलवली. वहीप्रमाणे सगळं जुळत होतं. मुलगी सुटली होती, आजींचं जे होतं ते होतं, आणि ताईचा रिपोर्ट घरी देवाच्या फोटोमागे ठेवलेला होता. मला फक्त हो म्हणायचं होतं. खरं तर हो म्हणायचीही गरज नव्हती, कारण मॅडमनी विचारलंच नव्हतं. त्या वही मिटत होत्या.

"नाही," मी म्हणाले. "मध्ये एक होता."

मॅडम थांबल्या. "कुणाचा?"

मी उठून खण उघडला, ताईची स्लाइड काढली आणि टेबलावर ठेवली. रजिस्टर उघडून तीनच्या आकड्यावर बोट ठेवलं. मॅडमनी आधी आकडा बघितला, मग स्लाइड, मग नाव. काकांनी वहीतला तो नंबर सकाळच्या यादीत बघितला. त्यांनी कापलेल्या ब्लॉकांच्या यादीत माझं अक्षर होतं. ते एवढंच म्हणाले की ब्लॉक दे.

"मी देते कापून," मी म्हणाले.

"तू बाहेर बस," काका म्हणाले.

मी बाहेर खिडकीशी बसले. चार वाजता वैजयंता आणि तिचा मामा आले. मॅडम स्वतः बाहेर आल्या आणि त्यांनी दोघांना सांगितलं की आमच्याकडून चूक झाली, दुसऱ्याचा तुकडा तुमच्या काचेवर आला होता, तुम्हाला कॅन्सर नाही. चूक आमची आहे आणि तुम्हाला काय बोलायचं ते बोला. मामानं टोपी डोक्यावर घातली, परत काढली, आणि भिंतीला टेकून खाली बसला. वैजयंता मात्र माझ्याकडे वळली.

"ताई, मग मी बघितलं ते कुणाचं होतं?"

"ते सांगत नसतात," मी म्हणाले.

"त्यांना कळलंय का?"

"संध्याकाळी कळेल."

तिनं मान डोलवली. मामाला हाताला धरून उठवलं आणि ते दोघं स्टँडकडे गेले. मागच्या खोलीतून यंत्राचं चाक फिरल्याचा आवाज येत होता. काका सावकाश कापत होते. पाच वाजून गेल्यावर मॅडमनी मला आत बोलावलं. नव्या स्लाइडवर तीन तुकडे होते. मी बघू का, विचारलं. बघ म्हणाल्या. मी बघितलं. दुपारी वैजयंताला शिकवलं होतं त्यात घालण्यासारखं काही नव्हतं.

पुढचं एकदम सांगून टाकते. माझी नोकरी मॅडमनी ठेवली, पण पुढं वर्षभर मी ब्लॉक कापला नाही, फक्त नंबर टाकले. ताईचं ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं. काखेत पोचलं होतं. मग औषधं, शेक, परत औषधं. केस गेले, नखं काळी पडली, शिलाई मशीन बंद पडलं, गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. ती एकोणीस महिने जगली आणि त्यातले चौदा दवाखान्यात गेले. लवकर कळलं म्हणून एकोणीस तरी मिळाले, असं सगळे म्हणतात. मॅडमही म्हणायच्या. मीही ज्यांनी विचारलं त्यांना हेच सांगत आले.

त्या मंगळवारी मी सात वाजता घरी पोचले. भाऊजी ड्युटीवर होते. ताई पलंगावर बसून एका ब्लाऊजला हूक लावत होती. मला बघून म्हणाली, "कुमे, हातपाय धू, चहा टाकलाय." मी तशीच तिच्यासमोर बसले आणि सांगायला लागले. रिपोर्ट चुकला इथून सुरुवात केली नाही. शुक्रवारपासून सांगितलं, क्रमानं, काहीही न वगळता. काकांचा नमाज, फाटलेली कड, न पुसलेलं पाणी, ती मुलगी, डबा खाल्ला ते, वही मिटणाऱ्या मॅडम. माझा आवाज बातम्या वाचल्यासारखा येत होता हे मलाच ऐकू येत होतं. ताईची सुई चालूच होती.

सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "म्हणजे मॅडमना तो त्या आजींचा वाटला होता?"

"हो."

"आणि ती पोरगी तोवर सुटली होती."

"हो."

"मग तू बोलली नसतीस तर काय झालं असतं?"

"तुझं आतल्या आत वाढत गेलं असतं, ताई."

"ते कळतंय मला. मला कधी कळलं असतं?"

मी विचार केला. तिला खोटं सांगायची ताकद तेव्हा माझ्यात नव्हती आणि खरं काय ते कामामुळे माहीत होतं. "सात-आठ महिने," मी म्हणाले. "कदाचित वर्ष."

कपाटावर रविवारच्या पेढ्यांचा रिकामा खोका होता. शेजारच्या घरात कुणीतरी कुकरची शिटी काढली. मला वाटलं ती आता रडेल, निदान मला शिव्या देईल, आणि त्यातलं काहीही मला चाललं असतं.

"वर्ष," ती म्हणाली. "तेवढं तरी द्यायचं होतंस मला."

मग तिनं राहिलेले दोन हूक लावले, दोरा दातानं तोडला आणि ब्लाऊज घडी करून गिऱ्हाइकाच्या पिशवीत ठेवला.